माझे नाव यादीतून कमी करणेबाबत

मी, दगडू सोमा तळवडेकर, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त फिटर, राहणार समाधान चाळ, खोली क्रमांक दोन, ठाकुर्ली पूर्व, हे माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. रचना सबनीस यांचा आजचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे. पण रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र चालते का, हे मी वकिलांना आधीच विचारून घेतले. शुद्ध असली म्हणजे चालते, असे ते म्हणाले. सन २०१६ चे माझे मृत्युपत्र, ज्यात निम्मी खोली पुतण्या केतन याला लिहून दिली होती, ते मी रद्द करतो.

१. राहती खोली माझी मुलगी दिपिका हिला द्यावी. ती टिटवाळ्याला भाड्याने राहते, तिला गरज आहे. अट एकच. खोलीच्या दर्शनी भिंतीवर सव्वीस वर्षे पक्षाच्या शाखेचा फलक होता. त्याचे चार खिळे अजून भिंतीत आहेत. ते उपटून भोके बुजवावीत आणि पुन्हा कोणत्याही पक्षाचा फलक तिथे लावू देऊ नये. केतन येऊन म्हणेल, "ताई, चार दिवसांचा तर प्रश्न आहे." त्याला चहासुद्धा देऊ नये.

२. बँकेतील ठेवही दिपिकाचीच. पान्यांची पेटी खालच्या मजल्यावरील मधु इस्त्रीवाला याला द्यावी. नळ गळला की हल्ली तोच धावून येतो.

३. पक्षाने मला दिलेल्या नऊ शाली, सात स्मृतिचिन्हे आणि 'निष्ठावंत कार्यकर्ता' असे लिहिलेली घड्याळे तीन. शाली धुऊन फरशी पुसायला वापराव्यात. घड्याळे बंद आहेत.

४. माझ्या प्रेतावर झेंडा टाकू नये. चौकात श्रद्धांजलीचा बॅनर लावू नये. मला ठाऊक आहे तो कसा असतो: वर साहेब, त्यांच्याखाली हात जोडलेला केतन आणि कोपऱ्यात तिकिटाएवढा मी. लागलाच तर दिपिकाने महापालिकेत तक्रार करावी. बेकायदा बॅनर उतरवायला कायदा आहे. राबवत नाहीत ही गोष्ट वेगळी.

५. आता वह्यांचे. माझ्याकडे अकरा वह्या आहेत. यादीभागातल्या, म्हणजे मतदार यादीत आमच्या केंद्राला जोडलेल्या, प्रत्येक घरात कोण जन्मले, कोण लग्न होऊन गेले, कोण वारले, कोणाला मतदानाला रिक्षा लागते, कोण कोणावर रुसले आहे, सगळे त्यात आहे. पक्ष म्हणजे टीव्हीवर भांडणारी माणसे नव्हेत. पक्ष म्हणजे या वह्या. आमदार विधानभवनात जाऊन कायदा करतो, तो तिथे पोहोचतो आम्ही दारोदार वाटलेल्या चिठ्ठ्यांवर. हे मला कोणी शिकवले नाही. चपला झिजवून कळले.

केतनने या वह्या तीनदा मागितल्या आहेत. दरवेळी तो वेगळ्या पक्षात होता. त्या रद्दीत देऊ नयेत. तो रद्दीवाल्याकडून विकत घेईल. दिपिकाने त्या बादलीत रात्रभर भिजत घालून लगदा करावा. त्या वेळी ठाकुर्ली गावच्या भागीरथी भोईर यांना साक्षीला बसवून घ्यावे. त्या अठ्ठावीस वर्षे आमच्या विरोधी पक्षाच्या मतदान प्रतिनिधी होत्या. केंद्रात माझ्या शेजारच्या बाकावर बसायच्या. मला शिव्या घालायच्या आणि दुपारी डब्यातले सुके बोंबील पुढे करायच्या.

६. केतनला काहीही देऊ नये. कारण लिहितो, म्हणजे कोर्टात जाऊन 'काकाला काही कळत नव्हते' असे त्याला म्हणता येणार नाही.

तो सहा वर्षांचा असताना माझा भाऊ गेला. माझी बायको कांता हिने त्याला वाढवले. स्वतः न जेवता त्याला भरवले. २०१५ साली पालिकेचे तिकीट मला कबूल झाले होते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी मी रांगेत उभा, आणि पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म केतनच्या खिशातून निघाला. तेही मी गिळले. घरातच राहिले, असे मनाला सांगितले आणि त्याच्यासाठी चिठ्ठ्या वाटल्या.

फेब्रुवारी २०१८ मध्ये कांता गेली. अख्ख्या यादीभागातल्या मयतांची नावे कमी करायचे नमुना सातचे अर्ज मीच भरत असे. कांताचा मात्र भरला नाही. दोनदा घेऊन बसलो; तिच्या नावापुढे 'मयत' लिहायला हात होईना. यादीत आमची नावे लागून होती, सहाशे अकरा मी, सहाशे बारा ती. राहू दे, म्हटले. चूक माझी. यादीचे काम करणाऱ्याने अशी चूक करायची नसते.

ऑक्टोबर २०१९, विधानसभा. मी केंद्रात प्रतिनिधी म्हणून बसलेलो. साडेचारला डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आली. अधिकाऱ्याने मोठ्याने वाचले, "सहाशे बारा, कांता दगडू तळवडेकर." तिच्या हातात कांताचेच ओळखपत्र होते. ते माझ्या कपाटात असायचे, आणि कपाटाची दुसरी किल्ली केतनकडे.

भागीरथीबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या कांताच्या बाराव्याला येऊन गेलेल्या. मतदार खरा नाही अशी हरकत घ्यायला प्रतिनिधीला दोन रुपये भरावे लागतात, तेवढेच. माझ्या खिशात होते. मी मान खाली घातली. त्या बाईच्या बोटाला शाई लागली, आणि आत यंत्र वाजले.

बाहेर आल्यावर भागीरथीबाई म्हणाल्या, "भाऊ, तुमी बोलाल म्हनून मी गप ऱ्हायले." त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

केतनला विचारले तर म्हणाला, "काका, सीट दोनशे मतांवर अडकलेली. आणि काकी असती तर तिने आपल्यालाच दिलं असतं ना?"

कांता कोणाला मत देते हे तिने मला पस्तीस वर्षांत सांगितले नाही. दर निवडणुकीला विचारायचो. "ते माझं मी बघते," म्हणायची आणि भाकरी थापत राहायची. तिची ती एकच गोष्ट होती, जिच्यात माझा वाटा नव्हता. तीही मी राखली नाही. पुढच्या आठवड्यात तिचा अर्ज भरला, तीन मिनिटे लागली. त्यानंतर मी कोणत्याही केंद्रात प्रतिनिधी म्हणून बसलो नाही.

७. डॉक्टर मला दिवाळीपर्यंतची मुदत देतात. निवडणूकही त्याच सुमारास आहे. मी गेल्याबरोबर दिपिकाने माझे ओळखपत्र माझ्यासोबत चितेवर ठेवावे आणि मृत्यूचा दाखला मिळताच माझ्या नावाचा नमुना सात भरून द्यावा. हात अडखळू देऊ नये. तोवर यादी पक्की झाली असेल, तर मी मेलो तरी सहाशे अकरावर जिवंत राहीन. केतनला हे माहीत आहे. हे सगळे त्याला मीच शिकवले.

८. म्हणून या पाकिटात दोन रुपयांचे एक नाणे ठेवले आहे. ते भागीरथी भोईर यांना द्यावे. त्यांनी मतदानाच्या दिवशी एकदा, माझ्यासाठी, केंद्रात बसावे. कोणी पुरुष येऊन माझे नाव सांगेल, तेव्हा हे नाणे टेबलावर ठेवावे आणि मोठ्याने म्हणावे की दगडू तळवडेकर मेला आहे, मी त्याला ओळखत होते. या वेळी माझ्या बोलण्याची वाट पाहू नये.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम दिपिकाने करावे. वाचले, समजले, सही करतो.

दगडू सोमा तळवडेकर

आमच्या दोघांच्या समोर त्यांनी सही केली व त्यांच्या समोर आम्ही केली:
१. डॉ. रचना सबनीस, ठाकुर्ली
२. शौनक आपटे, वकील, डोंबिवली

ठिकाण: ठाकुर्ली
दिनांक: १९ ऑगस्ट २०२४
सोबत: डॉक्टरांचा दाखला, कोरा नमुना सात, नाणे एक