पाकिटात दाबलेलं फूल

मादन हिप्परगा
१४ जुलै २०२४

॥ श्री ॥

प्रिय गुरुराज सर यांस अंबाजीचा स. न. वि. वि.

विहिरीजवळचे पाच गुंठे तुमच्या सांगण्यावरून नांगराविना सोडले, त्याला दोन वर्षं झाली. गाव हसायलंय, अंबाजी तण पेरायलाय म्हणून. हसू द्या. तरवड फुलली, मधमाशा आल्या, आणि गेल्या साली तुरीला शेंगा चांगल्या धरल्या. बोरीत शिंजीरानं घरटं बांधलंय. शेवग्याच्या फुलांची भाजी तर आमच्या सत्यभामेनं दोनदा केली.

तुम्ही दिलेलं डोडीचं बी मी कुंपणाला तीन ठिकाणी टोकलं होतं. तिथंच एक वेल चढलीय, फुलांवर आहे. फोनच्या फोटोत सगळंच हिरवं दिसतं असं तुम्हीच म्हणता, म्हणून फूल वहीत दाबून पाठवतोय. आमची शरणम्मा वीस वर्षं रानात राबतीय, ती तोंड वाकडं करून सांगायलीय की ही डोडी न्हाई, शेळ्या तोंड लावत न्हाईत. तिला कुठली गोष्ट पटलीय आजवर? तुम्ही लिहाल ते खरं.

घाई अशासाठी की सूनबाई मंजुश्रीला तिसरा महिना आहे. पोटात काही ठरत नाही, आणि डोहाळा लागलाय तो माहेरी खाल्लेल्या डोडीच्या फुलांच्या भाजीचा. बालाजी तर तिच्यापेक्षा जास्त तुमच्या पत्राची वाट बघायलाय. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपला
अंबाजी

कलबुर्गी
१९ जुलै २०२४

प्रिय अंबाजीराव, स. न. वि. वि.

आनंदाची बातमी वाचून शारदाबाईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. मंजुश्रीला आमचे आशीर्वाद.

फूल पोचलं. चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, तेव्हा पाकीट उघडताच ओळखलं. डोडीच आहे, माझ्याच बियांची. निःशंक मनाने भाजी करा, लसूण जरा सढळ हाताने घाला. शरणम्माबाईंना माझा निरोप द्या की आमच्या कॉलेजात शेळ्या परीक्षक म्हणून येत नसत. पुढच्या खेपेला एक वाटी भाजी आमच्यासाठीही राखा. आहे तो लोभ वाढवावा.

आपला
गुरुराज

मादन हिप्परगा
६ ऑगस्ट २०२४

सर, नमस्कार.

पत्राला उशीर झाला. २८ तारखेच्या रविवारी भाजी केली. तुमचं पत्र मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, शेळ्यांच्या वाक्याला सगळे हसले. जेवणानंतर सगळ्यांनाच उलट्या झाल्या. आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत सावरलो. मंजुश्रीला दुसऱ्या दिवशी रक्त जायला लागलं. आळंदच्या दवाखान्यात नेलं. मूल राहिलं नाही.

डॉक्टर म्हणाले, तिसऱ्या महिन्यात असं होतं, कशानं झालं ते सांगता येत नाही. सत्यभामा म्हणती, शरणम्माच्या काळ्या जिभेनं झालं. ती त्या दिवशी चुलीपाशी येऊन पुन्हा नको नको म्हणत होती. मी शरणम्माला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती विळा ठेवून गेली.

बालाजी माझ्याशी बोलत नाही. सर, मला एकच विचारायचंय. ती डोडीच होती ना? तेवढं एकदा लिहून पाठवा. मला घास गिळवत नाही.

अंबाजी

कलबुर्गी
११ ऑगस्ट २०२४

प्रिय अंबाजीराव,

तुमचं पत्र पोचलं. शारदाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. डोडी ही अगदी निर्दोष वनस्पती आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायका ती खात आल्या आहेत, बाळंतिणीलासुद्धा देतात. तेव्हा तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. डॉक्टर म्हणतात तेच खरं. मंजुश्रीला जपा.

आपला
गुरुराज

मादन हिप्परगा
२० सप्टेंबर २०२४

ती. गुरुराज काकांना मंजुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहीत आहे. घरात कोणाला सांगितलेलं नाही.

तुमचं ११ ऑगस्टचं पत्र मामंजींनी देव्हाऱ्यात ठेवलं आहे. रोज पूजा झाली की वाचतात. त्यावर ते दोन घास जेवतात, हे मला दिसतं. पण त्याच पत्रामुळे शरणम्मा अजून घरी बसून आहे. काळ्या जिभेची म्हणून आता दुसरेही तिला खुरपायला बोलवत नाहीत. परवा ती मला पाहून रस्ता बदलून गेली.

काका, त्या दिवशी तिनं मला कानडीत स्पष्ट सांगितलं होतं, खाऊ नको, पान चुरगाळून वास घे. मी वास घेतला, घाण होता. तरीही खाल्लं. मामंजींनी एवढ्या कौतुकानं पत्र वाचलं होतं, ताटात टाकायची मला लाज वाटली. त्या लाजेचं मी आता काय करू, सांगा.

वेलीला फळं आली आहेत, जोडीजोडीनं, अंगावर मऊ काट्यांची. डोडीची फळं अशी नसतात, हे मला माहेरपासून ठाऊक आहे. एक सोबत ठेवलं आहे. शेजारच्या आप्पारावांनी बी मागितलं आहे आणि मामंजी देतो म्हणाले आहेत. काय ते तुम्ही लिहा.

आपली
मंजुश्री

कलबुर्गी
२५ सप्टेंबर २०२४

अंबाजीराव, नमस्कार.

ती डोडी नव्हती, कुंपणाला आपोआप उगवणारी उतरण होती. खायची नसते ती. तिचं बी आप्पारावांना किंवा कोणालाही देऊ नका. वेल मात्र तोडू नका, तिच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. तिचा काही दोष नाही.

आता माझा दोष. तुमचं ६ ऑगस्टचं पत्र आलं त्याच दुपारी मी ते वाळकं फूल पाण्यात भिजवून भिंगाखाली पाहिलं, आणि मला कळलं. म्हणजे ११ ऑगस्टला लिहिताना मला माहीत होतं. तुम्ही त्या फुलाबद्दल विचारलं होतं, मी डोडीबद्दल लिहिलं. एकही शब्द खोटा न लिहिता मी तुम्हाला फसवलं. फळ येईपर्यंत थांबा, एवढं जुलैत लिहिलं असतं तरी पुरलं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवत असे.

मूल त्यानेच गेलं का, ते डॉक्टरांना सांगता येत नाही, मलाही नाही. हे आयुष्यभर न कळताच राहणार आहे.

माझं आधीचं पत्र देव्हाऱ्यातून काढा. सोबतचं कानडी पान शरणम्मांसाठी आहे. त्यांना वाचता येत नसेल तर तुम्ही स्वतः त्यांच्या दारात जाऊन, चार माणसांदेखत वाचून दाखवा. तुम्हाला ते जड जाईल. मला यायला सांगाल तर मी येऊन वाचतो.

लोभ ठेवायचा की नाही, ते आता तुम्ही ठरवा.

गुरुराज