मूठ जात नाही

९ मार्च, शनिवार

लवंग हरवली. शिंपीकाकांच्या घरून, सकाळी आठच्या सुमारास. त्यांच्याकडे जाऊन जेमतेम दोन दिवस झाले होते.

मेट्रनचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका आजोबांच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवत होते. तीस वर्षं इस्पितळात काढलेली बाई, निवृत्त होऊन कुत्र्यांना घरं मिळवून देणारं आमचं केंद्र चालवते, आवाज कधी चढत नाही. आज चढला. "शिंपीकाकांच्या फॉर्मवर सात नंबरला काय लिहिलंयस?" मी म्हटलं, "मूठ जात नाही." "मग फाटकातूनच गेली असणार," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मूठ जात नाही. खूण माझ्याच हातची आहे, खाली माझी सही आहे.

मी ते घर पाहिलेलं नाही.

१० मार्च, रविवार

आज सगळं लिहून टाकते. निदान इथे तरी.

आमच्याकडे येतात ती सगळी एवढीएवढीशी कुत्री. लवंग तर सव्वादोन किलोची. एक डोळा दुधाळ, स्वभाव नावासारखाच. आई तिच्या जातीला 'चिवचिवा' म्हणते, खरं नाव तिच्या जिभेला वळत नाही. मोठं कुत्रं द्यायचं तर लोक कुंपण उंच आहे का बघतात. आम्ही खाली बघतो. मेट्रनचा नियम – गजांमधून मूठ गेली की कुत्रं गेलं. फॉर्मवर सातवा रकानाच तो: मूठ जाते / मूठ जात नाही. सवयच लागली आहे. कुणाकडे गेले की आधी कठड्यात मूठ घालते. आत्याने एकदा विचारलं होतं, "काही पडलंय का गं तुझं?"

तर गेल्या शनिवारी मला शिंपीकाकांचं घर बघायला जायचं होतं. दोन बस बदलून. नवे बूट चावत होते. कारण एवढंच. आई आजारी नव्हती, दुकानात काम नव्हतं. पलंगावर पाय वर करून पडले होते आणि उठावंसं वाटेना. फोन केला. "काका, कठड्याचे गज जवळजवळ आहेत ना?" "आहेत, आहेत." "मग मी येत नाही, सही केंद्रावर येऊन करा." "बरं होईल," म्हणाले. मी खूण केली आणि कूस बदलली.

आणि त्याच्या आदल्याच दिवशी मेट्रन सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हिच्या हातचा फॉर्म असला की मला बघावं लागत नाही."

आज दिवसभर शोधलं. आम्ही चौघी, आणि काका. मी मुद्दाम बाजाराच्या पलीकडचा भाग मागून घेतला. काकांच्या गल्लीत पाऊल टाकायची हिंमत नाही. सत्तरीचा माणूस सकाळपासून गुडघे टेकून हातगाड्यांखाली बघतो आहे म्हणे. मेट्रननी बजावलंय, हाका मारायच्या नाहीत, घाबरलेलं लहान कुत्रं हाकेने आणखी आत जातं. म्हणून ते नुसते वाकतात आणि बघतात.

११ मार्च, सोमवार

नाही सापडली. दुकानात दोन चष्म्यांच्या काचा अदलाबदल करून ठेवल्या.

१२ मार्च, मंगळवार

काका केंद्रावर आले होते. दाढी वाढलेली, शर्टाला मात्र कडक इस्त्री. मेट्रनसमोर उभे राहून म्हणाले, "चूक माझी आहे. पेपर घ्यायला गेलो, फाटक लोटायचं राहिलं."

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला लिहू, पडलाच! फाटक तर फाटक, माझा सात नंबर वाचला. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. राग नव्हता. मी कपाटातली औषधं उगाच पुढे-मागे करत राहिले.

घरी कुणी आलंच नव्हतं, हे हा माणूस का बोलत नाही? विसरले असतील? की घर बघायला यायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं?

१४ मार्च, गुरुवार

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मेट्रन आज माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "सगळ्यांत जास्त तू पळते आहेस. जेवत जा." मला तो हात झटकावासा वाटला.

खरंच पळते आहे. कामावरून सुटले की अंधार पडेपर्यंत. लोकांना वाटतं माया. माया आहेच, पण हे पळणं तिच्यामुळे नाही.

१५ मार्च, शुक्रवार

सहा दिवस. पाणी तरी मिळालं असेल का तिला.

१६ मार्च, शनिवार

सापडली! सापडली, जिवंत आहे!

सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे जुन्या टायरांची रास आहे, त्यात सगळ्यांत आतल्या टायरात. सायकलवाला म्हणाला, "मला वाटलं उंदीर असेल, म्हणून पाव टाकला, तर उंदीर गुरगुरला." पुढचा पाय सुजलाय, वजन दीड किलोवर आलंय. मी शर्टाच्या आत घेतली तर एवढ्याही अवस्थेत तिने माझ्या बोटाला दात लावले. चांगले लावले. बरं वाटलं.

डॉक्टरांनी तपासताना मी टेबलाशी होते. पाय मुरगळलाय, मोडलेला नाही. मग त्यांनी तिला उलटसुलट करून विचारलं, "हे काय?" दोन्ही कुशींवर केस घासले गेलेत, आणि कातडीवर तांबूस पट्टे. डावीकडे एक, उजवीकडे एक. समोरासमोर. मेट्रन म्हणाल्या, "सायकलवाल्याकडचा गंज."

सायकलवाल्याकडे ती रबरात बसली होती. मी काढली तिला. तिथे गंज कुठला?

गजांचा आहे तो. लवंग गजांमधून गेली. काकांचं फाटक लागलेलंच होतं.

हे मला आज दुपारी साडेचारला कळलं आणि मी काही बोलले नाही. वेळ लिहून ठेवते. उद्या 'मला कळलंच नव्हतं' असं स्वतःला सांगायला लागेन, तेव्हा हे पान असावं.

१७ मार्च, रविवार

लवंग काकांना परत द्यायची की नाही, यावर बैठक. आम्ही पाच जणी, स्टुलांवर. लवंग मेट्रनच्या मांडीवर.

एकजण म्हणाली, फाटक एकदा विसरलेला माणूस पुन्हा विसरणार. दुसरी म्हणाली, वयही झालंय. मेट्रननी माझ्याकडे पाहिलं. "घर तू पाहिलंयस. कसं आहे?"

तेव्हा बोलायचं होतं. चार शब्द होते – मी गेलेच नव्हते, मेट्रन. त्याऐवजी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, घर तसं नीटनेटकं आहे, मागे छोटा व्हरांडा, कठडा जुना पण गज जवळजवळ. हिरव्या रंगाचा.

हिरव्या रंगाचा! रंग कुणी विचारला होता?

"म्हणजे घरात दोष नाही, माणसात आहे," मेट्रन म्हणाल्या. हात वर करा म्हणाल्या. पाचही हात वर झाले, माझा चौथा. काकांचं नाव कपाटाच्या दाराआतल्या यादीत गेलं. ज्यांना पुन्हा कधीच कुत्रं द्यायचं नाही, त्यांची यादी. त्यांच्या वर एक माणूस आहे, त्याने पिल्लाला उपाशी बांधून ठेवलं होतं. त्याच्या खाली आता काका.

१९ मार्च, मंगळवार

काका लवंगची गादी घेऊन आले. उरलेल्या कापडांची, स्वतः शिवलेली. दारातूनच माझ्या हातात दिली. "ती डाव्या कुशीवर झोपते, म्हणून त्या बाजूला कापूस जास्त भरलाय. नव्या लोकांना सांगा."

मग विचारलं, "बघू का तिला? लांबून?" आतून मेट्रन म्हणाल्या, "नाही काका, नियम आहे. तिलाही त्रास होतो." ते लगेच "हो हो" म्हणून मागे सरकले. आत लवंगने त्यांचा आवाज ओळखला. ओरडत सुटली. दोन डोळे मिटून घ्यावेत तसे त्यांनी कान मिटून घेतल्यासारखं केलं, मान खाली घालून चपला घातल्या.

जाताना मला हळूच म्हणाले, "बाई, तुमच्यावर काही येऊ देणार नाही मी."

म्हणजे विसरलेले नाहीत. सगळं ठाऊक आहे. मग का?

घरी येऊन आंघोळ केली, तरी अंग स्वच्छ वाटेना.

२१ मार्च, गुरुवार

लवंगसाठी नवं घर मिळालं. शाळेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई आणि त्यांची आई. मेट्रन म्हणाल्या, "घर बघायला तूच जा, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

गेले. तेच चावरे बूट घालून गेले, मुद्दाम. प्रत्येक खिडकीत, प्रत्येक कठड्यात मूठ घातली. कुठेच गेली नाही. चांगल्या बायका आहेत, घरात ऊन येतं. एखादा तरी दोष निघावा असं मला वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

रविवारी अकराला लवंग तिकडे जाणार.

२२ मार्च, शुक्रवार

आईच म्हणाली, "दहा दिवस झाले, भाजीत मीठ कमी की जास्त तेही सांगत नाहीस. काय झालंय?" सांगितलं. सगळं, बुटांपासून. लहानपणी शेजारच्यांची काच फोडून आले होते तेव्हा बसले होते तशी, जमिनीवर बसून.

तिने ऐकून घेतलं. "कुत्री सापडली ना? मग झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बस." आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. तीन-चार घड्या झाल्यावर विचारलं, "तो माणूस एकटाच राहतो का?"

"हो."

तिने टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

उद्या जाते. आधी त्यांच्याकडे, मग रविवारी सकाळी मेट्रनकडे. लवंग अकराला निघायच्या आत.

२३ मार्च, शनिवार

गेले. पहिल्यांदा.

पुढे दुकानवजा खोली, मशीन, मागे मोरी, आणि तिच्या पलीकडे व्हरांडा. गज तांबडे, गंजलेले. हिरवं कुठेच काही नाही. मी मूठ घातली. मनगटापर्यंत गेली, आणखीही गेली असती. काका मागे उभे होते.

मी तिथेच, हात गजात असतानाच सांगितलं. बूट, पलंग, खूण, बैठक, हिरवा रंग, माझा वर झालेला हात. ते ऐकत होते. मग म्हणाले, "बाई, घर माझं आहे. कोण आलं आणि कोण नाही, मला ठाऊक नसेल?"

"मग बोलला का नाहीत?"

ते आत गेले, स्टूल आणलं, मला बसवलं. स्वतः उंबऱ्यावर बसले. गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळत होते.

"मेट्रनबाईंनी पहिल्याच दिवशी मुठीचं सांगितलं होतं मला. घरी येऊन मोजलं. साडेतीन इंच. आणि लवंगला हातात घेतली होती ना केंद्रावर – आमचा हातच टेप असतो, बाई. मला कळलं होतं ती जाणार म्हणून. लोहाराला जाळी सांगितली, तो म्हणाला अकरा तारखेला, सोमवारी. मग तुमचा फोन आला. गज जवळजवळ आहेत ना, म्हणालात. तुम्ही आला असतात तर नाही म्हणाला असतात. आणि मग तुमच्याकडे कधी पुन्हा माझा नंबर लागणार? चार दिवसांचा तर प्रश्न, नजर ठेवीन म्हटलं. दोन दिवस ठेवली." टेपचं टोक बोटात अडकलं ते त्यांनी सोडवलं. "माझ्या डोळ्यांदेखत गेली. अंग असं तिरकं केलं आणि गेली. मी वाकेपर्यंत कोपऱ्यावर. फाटक लावलेलंच होतं."

जाळीचं विचारलं. लोहार सोमवारी आला होता, परत पाठवला. कुणासाठी बसवायची, म्हणाले.

मी म्हटलं, उद्या मेट्रनना सगळं सांगणार. माझं मी सांगणार. "नका," म्हणाले. "माझं काय, मी आहेच यादीत. तिथल्या कुत्र्यांना तुम्ही लागता." मी ऐकलं नाही. सांगणार म्हणजे सांगणार, सकाळी नऊला. त्यांनी दोनदा विचारलं, "नऊलाच ना?"

बसमध्ये बसले तर हलकं वाटत होतं. चूक दोघांची, हे कळल्यावर हलकं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. उद्या सगळं बोलून मोकळी होईन. किती दिवसांनी भूक लागली आहे.

२४ मार्च, रविवार

काका माझ्याआधी, आठलाच जाऊन आले होते. मेट्रननी मला खुर्चीत बसवलं, स्वतः चहा करून दिला. म्हणाल्या, "त्याने सगळं कबूल केलं. एका टोकाचे गज लांबलांबच होते. तू घर बघायला गेलीस तेव्हा त्याने त्यांच्यापुढे कपड्यांचं कपाट सरकवून ठेवलं होतं, तुला दिसू नये म्हणून. खरं ना?"

मी "हो" म्हणाले.