प्रवाळांच्या टाकीवरचा दिवा

आदरणीय बाई,

मी, विश्राम धोंडू घाडी, वय वर्षे शहात्तर, शिक्षण चौथी उत्तीर्ण, राहणार कांजूरमार्ग पूर्व, आपल्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाचा निवृत्त शिपाई, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना आपणांस हे लिहून देतो. आपण वाचू शकणार नाही, हे मला समजते. तरीही पहिली प्रत आपल्याच नावे असावी.

काल महाविद्यालयात आपली शोकसभा झाली. आपल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी आपले पुष्कळ गुण सांगितले आणि शेवटी गमतीने म्हणाले, "बाई एवढ्या काटेकोर, पण एकदा दिव्याच्या वेळा सांगायला विसरल्या आणि अख्खी टाकी पांढरी करून बसल्या." सभा हसली. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठून बोलण्याचे धैर्य मला झाले नाही.

बाई, आपण काहीही विसरला नव्हता.

आपण सरकारी परवान्याने विभागातल्या टाकीसाठी ते प्रवाळ आणले, तेव्हा मी म्हणालो होतो की आमच्या देवगडकडे असले दगड पायाखाली येतात. आपण हसला नाहीत. मला स्टुलावर बसवून भिंगातून दाखवलेत. दगड नव्हे, जीव! त्यांच्या अंगात बारीक शैवाल बिऱ्हाड करून राहते, उजेडावर अन्न तयार करते आणि घरमालकालाही वाढते. मी विचारले, मग आमच्या कांजूरच्या खाडीत हे का नाहीत?

"मामा, त्या गाळात उजेड उतरतो कुठे? उपाशी मरतील बिचारे."

चौथी शिकलेल्या माणसाच्या प्रश्नाला इतके नीट उत्तर देणारे त्या इमारतीत दुसरे कोण होते?

नवरात्रात आपल्या मातोश्री आजारी पडल्या आणि आपण गावी निघालात. जाताना मला चिठ्ठी दिलीत. दिवा सकाळी नऊला लावणे, सायंकाळी सहाला बंद करणे. अक्षर स्वच्छ होते. मी ती दोनदा वाचली.

पण माझ्या घरी घट बसले होते. नऊ दिवस अखंड दिवा; तो विझला तर घरावर अरिष्ट येते, असे आम्ही लहानपणापासून मानत आलेलो. मला वाटले, उजेड हेच ज्यांचे अन्न, त्यांना रात्रभर उपाशी ठेवणे हा कोणता न्याय? देवीचे नाव घेऊन मी टाकीवरचा दिवाही नऊ दिवस मालवला नाही. प्रवाळ फिके पडू लागले, तर मी त्याला तेज समजलो!

दसऱ्यानंतर आपण आलात. तोवर टाकीतले प्रवाळ चुन्यासारखे पांढरे झाले होते. प्राचार्यांनी दोघांनाही बोलावले. मला नोकरीत कायम करण्याचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी होता, हे आपणांस ठाऊक होते.

"चूक माझी," आपण म्हणालात. "वेळा लिहून द्यायला हव्या होत्या. मी घाईत निघाले."

त्या क्षणी ती चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. मी मान खाली घालून उभा राहिलो. घरी जाताना ती फाडून नाल्यात टाकली. आज माझ्यापाशी पुरावा नाही, तो यामुळे.

आपण मला रागावला का नाहीत, बाई? ते बरे केले नाहीत. रागावला असता, तर मी कदाचित खरे बोललो असतो. चिठ्ठीचे आपण पुन्हा नावही काढले नाही. एवढेच म्हणालात, "मामा, पांढरे म्हणजे मेलेले नव्हे. त्यांना रात्रही लागते. अति उजेडाने आतले शैवालच बाधायला लागले, म्हणून त्यांनी ते बाहेर टाकले. आता ते उपाशी आहेत. दिवा तुम्हीच सांभाळायचा."

माझ्याच हाती दिलात! उजेड एकदम अंगावर येऊ नये म्हणून मच्छरदाणीच्या कापडाचे चार पदर टाकीवर घातले आणि आपण सांगाल तेव्हा एकेक पदर काढत गेलो. दोन प्रवाळ गेले. उरलेल्यांवर दिवाळी उलटून गेल्यावर मधासारखा तपकिरी रंग चढू लागला. आपण वर्गाला टाकीपाशी आणून म्हणालात, "हे मामांचे काम." त्या एका वाक्यावर मी निवृत्तीपर्यंत ताठ मानेने चाललो. त्या नोकरीवर माझी दोन्ही मुले शिकली. बाई, आपले उपकार मी रोज आठवले. फक्त मोठ्याने कधी बोललो नाही.

आता वचन देतो. येत्या सोमवारी महाविद्यालयात जाईन आणि हे पत्र आपल्या त्या सहकाऱ्यांसमोर उभा राहून पहिल्या ओळीपासून वाचीन. त्यांनी बसा म्हटले, तरी बसणार नाही.

आपला कृतज्ञ,
विश्राम धोंडू घाडी

लिहिते वेळी समक्ष हजर: शेजारी श्री. बाळकृष्ण परब आणि माझी सून सौ. सुजाता. परबांनी वाचून सही केली. सून सहीपूर्वी म्हणाली, "बाबा, आम्हाला तर तुम्ही कायम सांगायचात, बाईंनी घोळ घातला नि तुम्ही निस्तरलात." हे खरे आहे. मी घरीही तसेच सांगत आलो. तेही येथे लिहिले, तिला वाचून दाखवले, आणि मग तिने सही केली.