पाठ आप्पाची, तोंड मेहुण्याचं

४ डिसेंबर
उधन्यातल्या समस्त सुसंस्कृत जनतेच्या वतीने निषेध नोंदवतो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने काचेचे ग्लास बंद करून कागदी कप आणले. घोटाआधी पुठ्ठा. तक्रार केली तर म्हणे, "साहेब, चाय तो वही है ना!"
आपल्या अहिराणी खूनपटाचं शूटिंग आज आटोपलं, गोडादऱ्याच्या बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये. लेखक मी, खुनी रमेशआप्पा. एरवी लूमवर कापड विणत उभा असतो, मुंगी मारत नाही. शर्ट त्याचाच, मोरपंखी, लग्नकार्यातला. झटापटीत बटण तुटलं. "लावून देतो," मीच बोललो.

७ डिसें.
आपले निर्माते हसमुखभाई. साड्यांचे व्यापारी, कलेची आवड मीटरवर. त्यांना मोबाइलवर एक खूनपट दाखवला, चित्रपट नुकते बोलू लागले तेव्हाचा. आधी इंग्रजीत केला, मग त्याच सेटवर जर्मनमध्ये, नटमंडळी दुसरी. दुरून घेतलेले तुकडे मात्र जुनेच. जिना चढते ती पाठ पहिल्या नटाची, वर जाऊन वळतो तो दुसराच. त्या पहिल्याने कधी पाहिला असेल का हा जर्मन अवतार?
भाईंनी जिना दोनदा पाहिला. "एटले सेटनो खर्चो एक ज वार?"
खर्च एकदाच, मी कौतुकाने मान हलवली. नंदीबैल.

१२ डिसें.
ह.भाई गुजराती आवृत्ती काढणार. शेड तीच, संवाद माझेच, मंडळी दुसरी. खुनी त्यांचा मेहुणा. आप्पाचे पाठमोरे शॉट ठेवायचे, म्हणून शर्टही तोच. आणि अहिराणी कधी दाखवणार?
"ए पछी जोईशुं." नंतर बघू म्हणे.
मी म्हणालो, "पण..." तोवर चहा आला. कागदी कपात.

१३ डिसें.
आप्पाला सांगायला गेलो. वहिनी दारातच, "भाऊ, यास्नी मोठा टीव्ही लिधा, पिच्चरसाठे!" अमळनेरला भावकीत सगळ्यांना फोन झालेत. पोहे खाल्ले. उठलो. सांगणं राहिलं.

१६ डिसें.
गुजराती शूटिंग. मेहुणा शर्टात मावेना. पाठीमागची शिवण उसवून पिना मारल्या, कॅमेरा समोरून.
आप्पा आपणहून शेडवर आला. कुणाकडून तरी कळलं होतं. आता तमाशा होणार म्हणून मी घसा साफ केला. कॅमेरावाल्याने त्याला दोन्ही तुकडे जोडून दाखवले. पाठ जिना चढली, मेहुणा वळला.
"पाठ त मनीच शे ना, भाऊ?"
"तुझीच."
"मंग जमनं." निघता निघता, "शर्ट तेवढा भेटी का? ऐतवारले भाचानं लगीन शे."
शिव्या दिल्या असत्या तर उत्तर होतं माझ्याकडे. जन्मभर तेच तर लिहीत आलो.

शनिवार
भाईंना अहिराणीचं पुन्हा विचारलं. पछी. उद्या शेवटचा सीन, खुन्याला अटक. त्याच शर्टात. कपड्यांची पेटी माझ्याकडे असते.
दुपारी शर्ट काढला. पिना उपटल्या, शिवण घातली. वाकडी आली, उसवून परत घातली. तसलं बटण चार दुकानं पालथी घातल्यावर मिळालं. लावलं. इस्त्री केली.
आप्पाच्या घरात टीव्ही मोठ्याने चालला होता. हाक मारली नाही. उद्या सकाळी ह.भाई पेटी उघडतील, मग काय ते...
दाराच्या कडीला हँगर अडकवला. पाठ दाराकडे, बटणं बाहेर.