एका घरात दोन ‘श्री’

चारकोप, गुरुवार

चि. किरण यास नंदूभाऊजींचे अनेक आशीर्वाद. सौ. अपूर्वालाही सांग.

तुम्ही दोघं नाहूरला खुशाल असाल असं धरून चालतो. माझं म्हणशील तर गुडघा तसाच आहे, डाव्या कानात काहीतरी वाजतं तेही तसंच आहे, आणि डॉक्टर म्हणतात वयाच्या मानाने सगळं ठीक आहे. म्हणजे काय ते तू समजून घे. चारकोपहून नाहूरला पत्र टाकणारा या वर्षातला मी बहुधा पहिलाच माणूस असेन. (पोस्टातल्या बाईंनी पाकीट देताना माझ्याकडे दोनदा पाहिलं.) पण फोनवर हे बोलता येत नाही. आमच्या घराच्या भिंती तू पाहिल्या आहेस. मी हॉलमध्ये खोकलो की यज्ञेश आतल्या खोलीत आपल्या मीटिंगचा माइक बंद करतो. आणि व्हॉट्सअ‍ॅप त्यानेच माझ्या फोनवर घालून दिलं, तेव्हा ते मी त्याचंच समजतो. म्हणून हा कागद. वाचून फाडून टाक. अपूर्वाला दाखवलास तरी चालेल, तिला न दाखवता तू राहणार नाहीसच.

यज्ञेशला हैदराबादची नोकरी लागली हे तुला माझ्या आधी कळलं होतं. (भाच्याची बातमी आधी मामाला आणि मग बापाला, ही आमच्याकडची रीत.) जाण्याआधी त्याला या घरातून एकच गोष्ट न्यायची आहे, ती म्हणजे हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरमधलं तुझ्या ताईचं सगळं. क्षमा जाऊन दोन वर्षं होत आली, पण त्या डब्यात ती अजून आहे. तिचे फोटो आहेत, आणि पदार्थ कसा करायचा ते सांगतानाची तिची रेकॉर्डिंगं. हे सगळं यज्ञेशच्या लॅपटॉपवर न्यायचं, एवढंच काम. म्हटलं तर चहा निवायच्या आत व्हायला हवं. पण आपल्या घरात कुठलं काम तसं झालंय?

तुझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचा आणि धंद्याचा मला अपमान करायचा नाही, पण माझं उभं आयुष्य कंपनीच्या आवक-जावक विभागात गेलं. तिथे फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची तर अंबादास शिपाई ती काखेत मारायचा, वाटेत चहा प्यायचा आणि फाइल पोचायची. उशिरा पोचायची, डाग घेऊन पोचायची, पण पोचायची. इथे दोन मशीनच्या मध्ये एक भिंत, तीही पातळ, दोघं मिळून माझंच वीजबिल वाढवतात, तरी एकाला दुसरं दिसत नाही. यज्ञेश लॅपटॉपवर नेटवर्क उघडतो तर तिथे लॅपटॉप एकटाच. मी इकडे उघडतो तर इकडेही हे एकटंच. (हे वाचून तुला काही सुचलं असेल तर मनातच ठेव. मलाही सुचलं होतं.)

पेन ड्राइव्ह का लावत नाही, असं तू विचारशील. पुढची दोन्ही भोकं उदबत्तीच्या राखेने बुजली आहेत, कारण क्षमा दर गुरुवारी मशीनला ओवाळायची. मागचं एक वायफायच्या काडीने अडवलंय, आणि ती काडी काढली की मशीन झोपतं. मागचंच दुसरं मेलेलं आहे. ते मेलंय असं मी यज्ञेशला सांगितलं आणि त्याने मान डोलावली. इंटरनेटवरून पाठवावं, तर मशीन तेवढा वेळ जागं राहत नाही. माझ्यासारखंच ते मध्येच पेंगतं.

तर तुझा पहिला उपाय. दोन्ही मशीन एकाच वायफायवर आहेत का बघा, असं तू फोनवर म्हणालास. यज्ञेश तुला म्हणाला, “अरे मामा, घर एकच आहे ना, मग वायफाय दोन कुठून येणार?” तरी आम्ही बघितलं, आणि कळलं काय, की आमचं म्हातारं मशीन शेजारच्या चंद्रप्रकाशांकडे नांदतंय. कोविडात आमचं कनेक्शन बंद पडलं तेव्हा क्षमाने त्यांचा पासवर्ड मागून घेतला होता. बदल्यात दर शनिवारी तिकडे थालीपीठं जायची. पुढे आमचं कनेक्शन सुरू झालं, थालीपीठं थांबली, पण मशीन तिकडेच राहिलं. दुर्दैवाने हे कळायच्या आधी मी एक उद्योग करून बसलो होतो. स्क्रीनवर मला एक चौकोन दिसला. मला वाटलं, हाच यज्ञेश. मी क्षमाने टाइप केलेली ओल्या काजूच्या उसळीची कृती त्याच्याकडे धाडली. काही झालं नाही, म्हणून पुन्हा धाडली, आणि नंतर नंतर जरा रागाने धाडली. संध्याकाळी चंद्रप्रकाश दारात उभे, हातात उसळीच्या कागदांची चळत. तो चौकोन म्हणजे त्यांचा प्रिंटर होता. एक प्रत ठेवून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. शाई त्यांची, कागद त्यांचे, मी कोण नको म्हणणार? रविवारी त्यांच्याकडून वाडगाभर उसळ आली. मीठ कमी होतं. यज्ञेशने आणि मी ती संपवली आणि मशीन आमच्या वायफायवर परत आणलं, तरी एकाला दुसरं दिसेना.

दुसरा उपाय पासवर्डचा. जुन्या मशीनला पासवर्ड नाही म्हणून ते दुसऱ्याला आत घेत नाही, असं तुझं म्हणणं. हा न्याय मला अजून कळलेला नाही. आमच्या घरात कपाटालासुद्धा कधी कुलूप नव्हतं. म्हणजे दार उघडं असलं तर पाहुण्याला हाकलायचं आणि कुलूप घातलं की या बसा म्हणायचं. पण घातला. काय घालायचा यावर आमचं दोघांचं लगेच एकमत झालं (असं पहिल्यांदाच झालं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती). आईची जन्मतारीख. दुपारी मी ती घातली, आणि संध्याकाळी यज्ञेश त्या मशीनपुढे बसला तर मशीन त्याला चूक म्हणालं. पुन्हा टाकली, पुन्हा चूक. तो एक जून टाकत होता आणि मी घातली होती अकरा फेब्रुवारी.

शाळेत नाव घालताना तुझ्या वडिलांना तारीख आठवेना, आणि गुरुजींनी अर्ध्या वर्गाला लावली तीच एक जून क्षमालाही लावली, हे तुला ठाऊक आहे. (तुझीही एक जूनच आहे.) पण यज्ञेशला कोण सांगणार? फेब्रुवारीत घरात शिरा व्हायचा तो कशाबद्दल, हे त्याने कधी विचारलं नाही, आणि क्षमाला वाढदिवसाचं कौतुक खपायचं नाही. मग एक जून त्याला कुठून ठाऊक? ती गेल्यावर दाखल्यांसाठी, बँकेसाठी, गॅससाठी सगळीकडे तोच फिरला. प्रत्येक खिडकीवर त्याने आईपुढे एक जून लिहिली. मी तेव्हा हॉलमध्ये भिंतीकडे बघत बसलो होतो. हे सगळं त्या संध्याकाळी स्टुलावर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं आणि मला फार वाईट वाटलं, किरण. मी त्याला शिऱ्याचं सांगितलं. अकरा फेब्रुवारी टाकता टाकता तो म्हणाला, “सांगायचंत ना, बाबा.”

तेव्हापासून हे रोजचंच झालंय. दिवेलागणीला त्याचं ऑफिस संपतं. तो आपली चाकांची खुर्ची ढकलत हॉलमध्ये आणतो, मी चहा टाकतो आणि आम्ही दुरुस्तीला बसतो. दुरुस्ती म्हणजे काय, तर आधी नेटवर्क उघडायचं, दुसरं मशीन दिसत नाही म्हणून दोघांनी चुकचुकायचं, आणि मग न्यायचं काय काय आहे ते तरी बघू म्हणून फोटो उघडून बसायचं. गोराईचा फोटो, त्यात क्षमाने तोंडापुढे हात धरलाय. गणपतीतला फोटो, त्यातही हातच. भरल्या वांग्याचं रेकॉर्डिंग, त्यात वांगी थोडी आणि मध्येच मिक्सर कोणी लावला म्हणून माझ्या नावाने शंख जास्त. ते ऐकून यज्ञेश हसतो. या घरात बऱ्याच दिवसांत कोणी हसलं नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा मला वाटलं त्याला ठसका लागला, आणि मी पाणी आणायला उठलो.

आमचं भांडण असं काही नाही, हे तू जाणतोस. पण आमचं सगळं बोलणं क्षमामार्फत चालायचं. बाबांना विचार, त्याला सांग, असं. ती मधून गेली आणि आम्ही दोघं आपापल्या खोलीत नुसते चालू राहिलो. आता तो हैदराबादला गेला की हॉलमध्ये मी, ते मशीन आणि माझा कान.

परवा दुपारी मी एकटाच मशीनपुढे बसलो होतो तेव्हा कोपऱ्यात एक सूचना आली. या नेटवर्कवर याच नावाचं आणखी एक मशीन आहे, अशी. मशीनला नाव असतं हे मी विसरूनच गेलो होतो. हे मशीन घरी आणलं त्या दिवशी क्षमाने त्यावर हळदकुंकू वाहिलं, आणि त्याने नाव विचारलं तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहितात तसं तिने ‘श्री’ घातलं. यज्ञेशचा लॅपटॉप आला तो ती गेल्यावर. ना हळदकुंकू, ना पेढे. त्याने तो आतल्या खोलीत एकट्यानेच सुरू केला. आणि त्या मशीनने नाव विचारलं तेव्हा, कोणी सांगितलेलं नसताना, त्यानेही ‘श्री’च घातलं. आता एका घरात दोन श्री, तर हाक पोचणार कोणाला? एकाचं नाव बदललं की काम झालं, एवढं मलाही कळतं. मी ती सूचना बंद केली. संध्याकाळी यज्ञेशने विचारलं, स्क्रीनवर काही आलं होतं का? मी म्हटलं, नाही रे, हवामान सांगत होतं.

असं सगळं चाललंय. तू कामाचा माणूस, इतकं वाचायला वेळ काढलास हेच खूप झालं. गुडघ्यावर काही तेल माहीत असेल तर कळव, नसेल तर राहू दे, फरक पडणार नाहीच.

तुझा
नंदूभाऊजी

ता. क. खरं काम राहिलंच. यज्ञेश रविवारी तुला फोन करणार आहे. त्याच्यापुढे मशीनच्या नावाचा विषय काढू नकोस. काहीतरी लांबलचक सांग, तू गिऱ्हाइकांना सांगतोस तसं. महिनाअखेरीस त्याची गाडी आहे, तोवर पुरेल इतपत. आणि मागचं ते भोक मेलेलं नाही, उत्तम चालतं. मी त्यात समईच्या वातीचा कापूस कोंबून ठेवलाय. हे फक्त तुला सांगतोय.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार इतक्यात एक गोष्ट घडली, म्हणून या कागदाच्या पाठीवर लिहितो. यज्ञेश आंघोळीला गेला होता आणि लॅपटॉप उघडा होता. त्याचं नाव खरंच श्री आहे ना, एवढंच बघायला मी आत गेलो. श्रीच आहे. पण स्क्रीनवर ‘आई’ नावाचा एक फोल्डर होता. आत सगळं आहे. गोराई आहे, गणपती आहे, वांगी आहेत, मिक्सरसकट. तारीख गेल्या आठवड्यातल्या मंगळवारची, मी भाजी आणायला गेलो होतो तेव्हाची. मी बाहेर येऊन जुन्या मशीनच्या मागे वाकून पाहिलं (गुडघ्याचं जे व्हायचं ते झालं). भोकात कापूस आहे. पण माझा वातीचा तेलकट कापूस नाही, औषधाच्या डब्यातला पांढरा, नीट गोल वळून बसवलेला. आणि त्या मंगळवारनंतर रोज संध्याकाळी तो खुर्ची घेऊन हॉलमध्ये आलाय आणि म्हणालाय, “अजून दिसत नाहीये, बाबा.”

गाडीचं तिकीट आहे तसंच आहे, त्यात काही बदल नाही. तू मात्र रविवारी उपाय सांगच, चांगला लांबलचक सांग. मला कळलंय हे त्याला बोलू नकोस, आणि मी फोन केला तर मलाही काही बोलू नकोस. थांबतो. आतून खुर्चीची चाकं वाजताहेत, चहा टाकायला हवा.