अब्बांचे उन्हावरचे टॉर्च

प्रिय अब्बा,

सलाम.

किती वर्षांनी तुम्हाला पत्र लिहितेय! लहान होते तेव्हा दर दुसऱ्या जुम्म्याला लिहायचे, निळ्या हवाई पत्रावर, कुवेतच्या पत्त्यावर. अम्मी शेजारी बसून सांगायची, "लिही, इथं सगळं ठीक हाय." तेवढं लिहून झालं की उरलेल्या जागेत, अगदी डिंकाच्या पट्टीपर्यंत, मी बारीक अक्षरात माझं माझं घुसवायचे. तुम्ही पनवेलच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, म्हणून आपला पत्रव्यवहार मराठीतच. आजही तसाच.

गेल्या रविवारी आपलं जुनं घर रिकामं केलं, म्हणून हे पत्र. बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत. अम्मी आता माझ्याकडे खांदा कॉलनीत राहायला आली. तुमच्या कपाटाच्या तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला, आणि त्यात तुमचे ते सोलरचे की-चेन टॉर्च. अम्मी म्हणाली, "टाकून दे गो, एक पण पेटत नाय." डबा मांडीवर घेऊन मी फरशीवर बसले ती बसलेच. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचंय. मग पत्राशिवाय दुसरी सोय काय?

तुम्ही कायमचे परत आलात तो दिवस आठवतो? बावीस वर्षं बंदरातल्या क्रेनवर काढून आलेला माणूस! अख्खी बिल्डिंग आपल्या हॉलमध्ये. कुणाच्या अब्बांनी टीव्ही आणलेला, कुणाच्या बापाने सोन्याच्या बांगड्या. तुम्ही बॅग उघडली. ब्लँकेट, अत्तर, खजूर, आणि मग एका पिशवीतून डझनभर टॉर्च. अंगठ्याएवढे. लाल, हिरवे, निळे. पाठीवर पोस्टाच्या तिकिटाएवढी काळी पट्टी, पुढे तीन इवलेसे दिवे.

"ह्याला सेल बदलाया नाय लागत," तुम्ही सगळ्यांना दाखवत होतात. "उनात ठेवायचा, बस. फुकटचा उजेड!"

सगळे हसले. मी चोवीस वर्षांची, नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागलेली, जिभेला धार. म्हणाले, "अब्बा, बावीस वर्षांनी आलात आणि हे आणलंत?"

तुम्हीही हसलात. ते हसणं मी तेव्हा नीट पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुमचा कारखाना सुरू झाला. नऊ वाजता गॅलरीत ऊन यायचं. तुम्ही जुना टॉवेल पसरून त्यावर सगळे टॉर्च ओळीने मांडायचात, काळी पट्टी वर. ऊन सरकलं की टॉवेल सरकवायचात. मी एकदा ते उचलून खिडकीच्या काचेच्या आत ठेवले तर केवढे ओरडलात! "काचंतनं अर्दा पण चार्ज होत नाय. आनि पत्र्यावर ठेवू नको, तापून सेल फुगतो." चार वाजता एकेक उचलून मुठीत धरायचा, बटण दाबायचं, बोटं आतून लाल दिसली की पास. ढग असले की तुमचा चेहराच उतरायचा. मी म्हणायचे, शेतकऱ्यालासुद्धा एवढी उन्हाची काळजी नसेल.

पण खरं सांगू? आठवड्याभरात घरात त्यांच्यावाचून कुणाचं चालेना. अम्मी तो बाजाराच्या पिशवीला अडकवून मच्छी मार्केटात न्यायची. पापलेटाचा कल्ला उचलून आत उजेड टाकायची आणि कोळीणबाई चिडायची, "अगो ताजा हाय, डाक्टरसारखा काय तपासतेस!" एक मीटरच्या पेटीशी, एक तांदळाच्या डब्यात. खालच्या मजल्यावरच्या वहिनी तर मुलांचे घसे बघायला न्यायच्या. लोडशेडिंगच्या संध्याकाळी मी पेपर तपासायला बसले की तुम्ही पाण्याने भरलेली बाटली आणायचात, टॉर्च तिच्याखाली उभा करायचात आणि सगळ्या टेबलावर उजेड पसरायचा. तेव्हा तुम्ही समोर बसून राहायचात. माझं बालपण तुमच्याविना गेलं होतं, अब्बा. ते तुम्ही असं समोर बसून फेडत होतात का?

मला लाज वाटायची ती दुसऱ्याच गोष्टीची. तुम्ही भरदिवसा टॉर्च लावायचात. जिन्यात, हॉटेलात, मशिदीबाहेर चपला शोधताना. लोक बघायचे. एकदा बोहरी दुकानदार म्हणाला, "चाचा, सूरज निकला हुआ है!" आणि मी तुमच्यापासून चार पावलं पुढे चालू लागले.

आणि मग ते स्नेहसंमेलन. हे लिहिताना हात थांबतोय. पण लिहिणार.

शाळेतलं माझं पहिलंच संमेलन. सूत्रसंचालन माझ्याकडे. "या हं अब्बा," असं मीच म्हटलेलं. दुपारची वेळ, पण हॉलचे पडदे ओढून अंधार केलेला. मुलींचा नाच चालू होता, आणि मागच्या दारातून तुमचा टॉर्च आत आला. इकडे तिकडे फिरला, पालकांच्या तोंडावर पडला. कुणाच्या तरी पायावर तुमचा पाय पडला. कुणीतरी ओरडलं. मुख्याध्यापिका बाईंनी मला विचारलं, "कोण आहेत हो ते गृहस्थ?"

मी "माझे वडील" म्हटलं नाही. "बघते" म्हणाले.

खाली आले आणि दात-ओठ खात तुमच्या कानाशी बोलले, "बंद करा ते, अब्बा! सगळे बघताहेत. जमत नसेल तर घरी जा."

तुम्ही टॉर्च बंद केलात. आणि होतात तिथेच, बाजूच्या पायरीवर, खाली बसलात. दोन पावलांवर रिकामी खुर्ची होती. दीड-दोन तास तुम्ही त्या पायरीवर बसून होतात. मला वाटलं, रुसलेत. वाटलं, मुद्दाम मला लाजवताहेत. दिवे लागल्यावर सगळ्यांच्या शेवटी उठलात आणि माझ्याजवळ येऊन म्हणालात, "लय छान झाला गो कार्यक्रम. तुजा आवाज मोटा गोड लागतो माईकमदी. मी आवाजच ऐकत व्हतो."

आवाजच! तेव्हा तरी मला कळायला नको होतं?

त्यानंतर माझ्यासमोर तुम्ही टॉर्च काढणंच सोडलंत. महिन्याभराने मगरीबच्या, दिवेलागणीच्या नमाजला निघालात. टॉर्च टेबलावर होता. मी तिथेच वही तपासत होते. तुम्ही टॉर्चकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि तो न घेताच गेलात. गल्लीत पाइपलाइनसाठी खणलेला चर होता. अर्ध्या तासाने एक रिक्षावाला तुम्हाला धरून घेऊन आला. मनगट मोडलेलं, गुडघ्यातून रक्त.

"पाय सरकला," तुम्ही म्हणालात.

प्लास्टर घालणारा डॉक्टर तरुण होता, पण हुशार. तुम्हाला ट्रेचं टेबल दिसलं नाही, त्यावर धडकलात, तेव्हा त्याने तुमच्या कानाजवळ बोट हलवलं. "चाचा, हे दिसतंय?" तुम्ही सरळ समोर बघत राहिलात. "काय?" असं तुम्ही विचारलंत.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. डोळ्याचा पडदा कडेकडेने वाळत चाललाय. चांगल्या उजेडात समोरचं दिसतं, अगदी सुईत दोराही ओवता येतो, पण नळीतून पाहिल्यासारखं. अंधुक जागेत काहीच नाही. औषध नाही. मग त्यांनी विचारलं, "किती वर्षं आहे हे?"

"तिकडं सात-आट वर्षं," तुम्ही म्हणालात. "क्रेनवरच्या मेडिकलमदी नापास झालो, म्हनून तर सोडला."

आम्हाला तुम्ही सांगितलं होतं, थकलो, आता घरी येतो! ते डझनभर टॉर्च आमच्यासाठी नव्हतेच. शेवटच्या दिवशी, विमानतळावर जायच्या आधी, घाबरलेल्या माणसाने स्वतःसाठी घेतले होते. एक संपला तर दुसरा, दुसरा संपला तर तिसरा.

अम्मी तिथेच रडायला लागली. "माज्यापासनं पन लपवलंत?"

मी चिडले. चिडण्याशिवाय मला येतंच काय होतं? "सांगितलं का नाही, अब्बा? त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये तरी सांगायचं!"

"तुजा लगीन व्हायचा हाय," तुम्ही खाली बघत म्हणालात. "लोकं काय बोलली असती? ह्यांच्या घरात डोल्यांचा आजार हाय. कोन आला असता तुला मागायला?"

अब्बा, मी चारचौघांत लाज वाचवायला तुम्हाला गप्प केलं. आणि तुम्ही माझ्याचसाठी आधीपासून गप्प होतात. ह्याची माफी मी त्या दिवशी मागायला हवी होती. मी फक्त तुमची चप्पल सरळ करून तुमच्या पायात घातली. तुम्हाला कळलं होतं ना, की ती माफीच होती?

निघताना डॉक्टर म्हणाले होते, "घरातल्यांचेही डोळे तपासून घ्या. रक्तातून येऊ शकतं." तुम्ही घरी पोचेपर्यंत तीनदा बजावलंत, "तू जाऊन ये गो." मी म्हटलं, जाते. लग्नानंतर म्हटलं, जाते. माहीन झाल्यावरही म्हटलं, जाते.

पण त्यानंतरची वर्षं! ती वर्षं मला द्या कुणीतरी परत. शाळेत जायच्या आधी टॉवेल मी पसरायला लागले. मुनीरशी लग्न करून खांदा कॉलनीत आले तरी रोज नऊ वाजता फोन, "अब्बा, ऊन आलं का गॅलरीत?" जुम्म्याला यायचे आणि आपण बाजारातून हातात हात घालून फिरायचो. मी चार पावलं पुढे नाही, बरोबर. पुढे पायरी, डावीकडे सायकल, असं सांगत. तो बोहरी दुकानदार आता स्वतःच बाहेर येऊन तुमचा हात धरायचा.

माहीन झाली तेव्हा तुमची नळी आणखी बारीक झालेली. तिचा चेहरा एका वेळी पूर्ण दिसायचा नाही. तुम्ही टॉर्च तिच्या हनुवटीशी धरायचात आणि तुकड्या-तुकड्याने बघायचात. "हा नाक. हा उजवा डोला. हा डावा. आता जोडला सगला!" ती खिदळायची. मग तुमच्या मुठीत टॉर्च पेटवून बोटं लाल करायची आणि विचारायची, "नाना, पास?" तुम्हाला दिसो-न दिसो, म्हणायचात, "पास!"

तीन वर्षांची होती ती, तुम्ही गेलात तेव्हा. दुपारची नमाज झाली, तुम्ही मुसल्याच्या चटईवरच आडवे झालात. अम्मीला वाटलं, डोळा लागलाय.

संध्याकाळी दफनाहून माणसं परतल्यावर मी गॅलरीत गेले तर टॉवेल तसाच. सकाळी तुम्हीच मांडलेले टॉर्च तसेच ओळीत. दुपारपासून कुणी टॉवेल सरकवला नव्हता. एकेक उचलून मी मुठीत धरून बघत होते. कशासाठी बघत होते, देव जाणे. सगळे पास होते, अब्बा. मी ते बंद केले आणि डब्यात ठेवले, आणि मग कधीच उन्हात मांडले नाहीत. मांडायला हवे होते का? सेल आत पडून पडून मेले असतील. माझ्याने बघवलं नाही, एवढंच.

आता जे सांगायचंय ते सांगते.

रविवारी तुमचा डबा मांडीवर असताना मुनीर आला. मी त्याला सगळं सांगितलं. नऊ वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. डॉक्टर काय म्हणाले होते, तुम्ही का लपवलंत, मी तपासायला का गेले नाही. वाटलं, चिडेल. त्याने डबा माझ्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "जिन्यात तू हल्ली माझा हात धरतेस. मला वाटायचं, प्रेमाने धरतेस."

"प्रेमानेच धरते," मी म्हटलं. आणि मग आम्ही दोघंही रडलो.

गुरुवारी तो मला डॉक्टरकडे घेऊन गेला. अब्बा, माझ्याही पडद्याच्या कडा वाळायला लागल्यात. थोड्याच. डॉक्टर म्हणाले, हे सावकाश वाढतं, पुष्कळ वर्षं शिकवाल. नवीन उपाय शोधताहेत म्हणे. मी ऐकत होते आणि मनात एकच, की ह्या खोलीत आत्ता तुम्ही हवे होतात. मी घाबरलेय हे मला कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. नुसता तुमचा हात धरून बसले असते. तुम्ही डॉक्टरसमोरची ही खुर्ची कुवेतला एकट्याने कशी सोसलीत हो? शेजारी कोण होतं? दुभाषा? ड्रायव्हर?

सोमवारी माहीनला तपासायला नेतोय. तिने विचारलं, "मला का?" वाटलं, म्हणावं, असंच, चष्म्यासाठी. जिभेवर आलं होतं. मग तिला जवळ बसवलं आणि खरं ते सांगितलं. नानांना काय होतं, मला काय आहे, तिला कदाचित असेल, कदाचित नसेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तिथे तू माझ्या शेजारी बसशील ना?"

बसणार, अब्बा. हा माझा शब्द. डॉक्टर काहीही सांगोत, ती एकटी ऐकणार नाही. आणि तिच्या लग्नाच्या वेळी कुणी विचारलं, तर मी नाव घेऊन सांगेन, काय आहे आणि कुणाकडून आलंय, आणि तो माणूस कसा होता.

तुमच्या आवाजाची वाट बघणारी,
तस्नीम