तरन्नुमचे अठ्ठावीस रोजे

मी, जैतुनबी मेहबूब मणेर, वय सत्तर, धंदा बांगड्या भरण्याचा, राहणार निमोणे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, आज शुद्धीत आणि स्वखुशीने हे लिहून ठेवते. मला साखरेचा आजार आहे, नजर अधू झाली आहे; पण मी काय सांगते ते मला पुरतं कळतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझी मालमत्ता अशी: निमोण्याच्या गावठाणातलं दोन खोल्यांचं घर, सोन्याच्या दोन पाटल्या, शिरूरच्या बँकेतली ठेव आणि बांगड्यांची लाकडी पेटी. नवरा वारल्याला सव्वीस वर्षं झाली. हे सगळं मी आठवडी बाजारात बसून मिळवलं आहे. यात कोणाचा वाटा नाही.

२. आमच्या शरियतीप्रमाणे मला एक तृतीयांशापुरतीच वसियत करता येते. बाकीचं वारसाचं. वारस एकच, मुलगा इर्शाद, हल्ली मुक्काम दौंड. घर त्याला जाईल. पाटल्या आणि ठेव तिसऱ्या हिश्शात बसतात, हे वकिलांनी किंमत काढून पाहिलं आहे.

३. त्या हिश्शातून सर्वांत आधी माझ्या रोज्यांचा फिदया द्यावा. माझे एकशे तेहतीस रोजे बाकी आहेत.

हे लोकांना खरं वाटणार नाही, म्हणून खुलासा करते. रमजानमध्ये पाळी, बाळंतपण किंवा आजारपणामुळे सुटलेला रोजा नंतर भरून द्यावा लागतो. तो कजा. तो फर्जच असतो, त्यातून सुटका नाही. सोमवार-गुरुवारचे रोजे, ईदनंतर शव्वाल महिन्यातले सहा रोजे, हे नफील. ठेवले तर सवाब, म्हणजे पुण्य; न ठेवले तर गुन्हा नाही. मी तीस वर्षं नफील धरले आणि कजा मोजलेसुद्धा नाहीत. सोमवारी कोणी चहा पुढे केला की मी “रोजा हाय” म्हणायचे, आणि बायका एकमेकींकडे बघायच्या. मला ते आवडायचं. कजा धरला तर तो कशाचा, कधी सुटला, हे कोणी विचारील अशी लाज वाटायची.

आकडा मी शेजारीण सोजरबाई हिच्यासोबत बसून काढला. कुठलं बाळंतपण कुठल्या साली, हे तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. एकशे चाळीस निघाले. मागच्या थंडीत भरायला घेतले. सातव्या दिवशी बाजारात पेटीवरच कोसळले. डॉक्टरांनी रोजे कायमचे बंद केले. शिरूरच्या मौलानांनी सांगितलं की, आता एका रोज्यामागे एका गरिबाला दोन वेळचं जेवण द्यायचं, हाच फिदया. शिक्रापूरला भाड्याच्या खोल्यांत राहणारे, काम सुटलेले मजूर शोधून त्यांना द्यावं. गावजेवण घालू नये. फोटो काढू नयेत.

४. तरन्नुम माझी सून. माहेर भांडगाव. नात मिसबाह पोटात होती तेव्हा तिचा पूर्ण रमजान सुटला. पुढच्या साली ती अंगावर पाजत होती. नंतर ती शिक्रापूरला एका कंपनीत पॅकिंगला लागली, आठ तास उभं राहून. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या पाठीमागे तिने सुटलेल्या रोज्यांच्या रेघा मारल्या होत्या. एक भरला की एक खोडायची.

२०१७ साली ईदच्या दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “अम्मी, या महिन्यात मी कजा धरते. सहा नको.”

मी म्हणाले, “कजा वरीसभर कवाबी व्हतील. सहा याच महिन्यात. आपल्या घरची सून सहा धरत न्हाई म्हणल्यावर बायका काय म्हणतील?”

“दोन्ही व्हायची ताकद न्हाई माझ्यात.”

“मग कजा थंडीत धर. दिस लहान असतो.”

थंडीत कंपनीत ओव्हरटाइम असायचा. पाच वर्षं तिने माझ्याबरोबर सहा रोजे धरले. तिला दम लागायचा. मी म्हणायचे, सवय नाही. २०२१ च्या हिवाळ्यात ती कंपनीतच चक्कर येऊन पडली, तेव्हा हृदयाची झडप खराब असल्याचं कळलं. रोज्यांमुळे ती गेली नाही, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. पण तिचे रोजे राहिले ते माझ्यामुळे. मौलानांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, सहा आधी धरले तर गुन्हा नाही. पण ज्याच्या अंगात ताकद मोजकी, त्याने फर्ज आधी फेडावं. एवढं ती मौलानांना न विचारताच म्हणत होती.

दवाखान्यात ती मला म्हणाली, “अम्मी, माझे अठ्ठावीस राहिलेत.”

“बरी झालीस की भरशील.”

ती मग म्हणाली, “तुमच्यासंगं सहा-सहा धरले. पाच वर्सं. पाच सक तीस.”

आवाजात राग नव्हता. दोन दिवसांनी, ११ डिसेंबरला, ती गेली.

मय्यतीला तिची आई हलिमाबी हिने मला विचारलं, “पोरीवर काही रोजे बाकी व्हते का? फिदया द्यायला पायजे.” भोवती चाळीसेक बायका होत्या. मी सांगितलं, “एकबी न्हाई.” त्याच आठवड्यात ते कॅलेंडर मी चुलीत घातलं.

५. यंदाच्या रमजानमध्ये पाळीमुळे मिसबाहचे सात रोजे सुटले. तिची ती पहिलीच वेळ. ईदनंतर तिने विचारलं, “दादी, आधी सात धरू का आधी सहा? अम्मी काय करायची?”

शुक्रवारी तिला घेऊन मी एसटीने भांडगावला गेले आणि हलिमाबीला सगळं सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

“साडेतीन वर्सं व्हत आली,” ती म्हणाली.

“व्हय.”

“अठ्ठावीस जणांना जेवू घालायला मला किती दिस लागले असते, जैतुनबी?”

मी म्हणाले, “आता मी देते. जेवढं म्हणाल तेवढं देते.”

“न्हाई. लेक माझी हाय. तिचं मी बघते. तुम्ही त्याला हात लावायचा न्हाई.”

मिसबाह दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती माझ्याबरोबर परत आली नाही. जूनपासून तिची शाळा भांडगावलाच आहे. मी फोन करते तेव्हा ती बोलते, पण विचारलं तेवढंच.

म्हणून तरन्नुमच्या अठ्ठावीस रोज्यांसाठी मी या मृत्युपत्रात काहीही ठेवत नाही. वकिलांनी तसं कलम घातलं होतं, मी काढायला लावलं. मला तो हक्क नाही.

६. दोन्ही पाटल्या आणि फिदया देऊन उरलेली ठेव मिसबाहला द्यावी. बाप जिवंत असताना नात वारस होत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते. ती अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळ हलिमाबीकडे असावा, इर्शादकडे नाही. तरन्नुमला जाऊन पाच महिने झाले नाहीत तोच त्याने दुसरा निकाह लावला आणि लेकीला माझ्याकडे टाकून दौंडला बिऱ्हाड केलं. माझा राग नाही असं लिहिणार होते. पण खोटं पुरे झालं. राग आहे. तरी त्याचा हिस्सा त्याला पुरा मिळावा.

७. बांगड्यांची पेटी सोजरबाईची सून प्रगती हिला द्यावी. इर्शादची याला हरकत नाही, फोनवर विचारलं आहे. हात न दुखवता बांगडी चढवायला ती माझ्याकडेच शिकली.

८. मला निमोण्याच्या कब्रस्तानात दफन करावं. जैतुनबी मोठी रोजेदार होती, असं तिथे कोणी बोलू लागलं तर त्याला थांबवावं. भांडगावला निरोप जावा, पण यायचा आग्रह करू नये. मिसबाह आली तर तिला माझं तोंड दाखवावं. नको म्हणाली तर नको.

हे मी सांगितलं, ॲड. सत्यजीत काळे यांनी लिहिलं आणि दोनदा वाचून दाखवलं. ते बरोबर आहे म्हणून साक्षीदारांसमोर अंगठा केला.

जैतुनबी मेहबूब मणेर
(डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. सोजरबाई हौसराव काळे, निमोणे (सही)
२. मच्छिंद्र गेणबा गायकवाड, निमोणे (सही)

ठिकाण: शिरूर
दिनांक: २० ऑगस्ट २०२५